बिनझाकणाचं मशीन

मी कुरियरवाल्याशी भांडून आले होते, आणि आता ज्याच्याशी भांडायचं होतं तो माणूस आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्याच पार्सलवर चहाचा कप ठेवून बसला होता.

“ते माझं आहे,” मी म्हटलं.

“चहा?”

“चहाखालचं!”

त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं... आणि कप उचलला. सावकाश. जगात कुणाला कसली घाईच नसल्यासारखा. माझं डोकं तिथेच फिरलं.

“मॅडम, कॉम्प्युटरचं काही आलं का कुरियरवाला भाऊ डोळे मिटून इथंच आणून टाकते,” तो म्हणाला. “मी पण डोळे मिटूनच खोलतो. सवय हाय.”

“म्हणजे खोललंत?”

नुसतं खोललं नव्हतं, जोडलंही होतं. त्याच्या मागच्या टेबलावर माझा कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा सांगाडा, उभा होता. चार दांड्या, जाळीचे दोन पत्रे, वर धरायला कडी. बाजू नाहीत, दार नाही, झाकण नाही. आणि आत, जिथे माझा बोर्ड बसायचा होता तिथे, पितळेचा रांगता बाळकृष्ण बसला होता. एक बाई हातात निरांजन घेऊन त्याच्याकडे मान वाकडी करून बघत होत्या.

“देव्हारा चांगला हाय रे पियुष,” त्या म्हणाल्या. “पण याले पाठ काहून नाही?”

“आई, देव काढ,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक आलं.”

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. पण तो बाळकृष्ण निघेना, त्याचा लोण्याचा हात जाळीत अडकला, आणि त्या बाई, बेबीताई, त्याला “चाल रे बाबू, चाल” करून समजावायला लागल्या, तेव्हा माझा इलाज चालला नाही. पियुषने पाहिलं. मी लगेच कपाळाला आठी घातली... पण उशीर झाला होता.

तुम्हाला वाटेल मी उगाच भांडकुदळ आहे. उगाच नाही. त्या दिवसांत माझ्या अंगात जणू मुंग्या शिरल्या होत्या. अमरावतीला ॲनिमेशन शिकून मी यवतमाळला घरी परत आले होते आणि बसले होते. बसलेही नव्हते खरं तर. या खोलीतून त्या खोलीत. बसले तर पाय हलायचा. आई म्हणायची, “अनघा, पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते.” मी म्हणायचे, “तिला जायला मिळतं, मलाच नाही.” मग पुण्याच्या एका स्टुडिओने कळवलं, दसऱ्यापर्यंत एका मिनिटाची फिल्म करून पाठवा, आवडली तर या. एक मिनिट! पण माझा लॅपटॉप इतका तापायचा की अर्ध्या मिनिटाची बकरी काढली की बंद पडायचा.

हो, बकरी. माझ्या फिल्ममध्ये घाटंजीच्या बाजारातून एक बकरी एसटीत चढते आणि कंडक्टरकडे खिडकीची सीट मागते. एवढंच. पण ती बकरी म्हणजे मी होते. तिला जायचं होतं.

बाबांनी ऐकलं आणि पेपर वर धरला. वामनराव, म्हणजे माझे बाबा, आयुष्यभर सरकारी कचेरीत होते. त्यांना पटत नसलं की ते नाही म्हणत नाहीत, पेपर वर धरतात. तो पेपर तेव्हापासून खालीच आला नव्हता.

“हा कशाले घेतला तुम्ही?” पियुषने कडीला धरून माझा कॅबिनेट उचलून पाहिला. “पाल जाईल. उंदीर जाईल. दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंग चालू झाल्या का सारी रुई उडून यातच जाईल. त्यापेक्षा हा पाहा...” त्याने कोपऱ्यातल्या एका काळ्या लोखंडी धूडावर थाप मारली. “दोघांनी उचलावा लागते. एकदा ठेवला का हलत नाही.”

“मला हलणाराच पाहिजे. बंद डब्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात मशीन उकडून मरतं. उघडा असला की वारा लागतो. घाण गेली तर दिसते तरी. आणि पिशवीत मावतो.”

“पिशवीत घालून कुठं जाऊन राह्यल्या?”

“पुण्याला.”

त्याने कॅबिनेट खाली ठेवला. एक स्क्रू पिळून पाहिला. मग म्हणाला, “असा मी कधी जोडला नाही.”

“मग?”

“मग काय, तुम्ही पण जोडला नसन. दोघं मिळून चुकू.”

दुकानाच्या पाटीवर ‘प्रेरणा कॉम्प्युटर्स’ लिहिलं होतं. निघताना मी अगदी सहज... म्हणजे मला वाटलं तितकं सहज, विचारलं, “प्रेरणा कोण?”

“बहीण,” तो म्हणाला. “लग्न झालं तिचं. काहून?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणता, अन् पायरीवर थांबता.”

मी ताडकन निघाले. छत्री तिथेच विसरले.

*

चुकलो आम्ही. पहिली चूक त्याची. पंख्याची उंची त्याने वितीने मोजली. वितीने! मी घरून पट्टी घेऊन गेले होते, ती माझ्या हातातच होती.

“बसते,” तो म्हणाला.

“नाही बसणार.”

“मॅडम, माझा हात पट्टीपेक्षा खरा हाय.”

सगळं लावून झालं, वरचा पत्रा ठेवला, आणि पत्रा पंख्यावर तसाच तरंगत राहिला, छोट्या भांड्यावर मोठं झाकण ठेवल्यासारखा. बाहेर पाऊस पत्र्यावर धडधडत होता. तो कधी पत्र्याकडे बघे, कधी स्वतःच्या हाताकडे.

“बोला ना,” तो म्हणाला. “बोलून टाका. तोंड दाबून कायले हसता?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“तेच तं. नुसतं पाहून राह्यल्या. याच्यापेक्षा शिवी द्या.”

दुसरी चूक माझी. अशा लहानशा चौकटीत ग्राफिक्स कार्ड बोर्डावर बसत नाही, बोर्डाच्या पाठीला पाठ लावून उभं राहतं. दोघांना जोडायला एक चपटी केबल लागते, केसांच्या रिबिनीसारखी. मला वाटलं ती डब्यात येते. आली नव्हती.

“पाठीला पाठ लावून बसते दोघं,” तो म्हणाला. “भांडण झाल्यावानी.”

“आणि केबल काय करते?”

“केबल समजूत घालते. एकाचा निरोप दुसऱ्याले देते.” तो आत वाकला. मीही वाकले होते, कारण एक बारका स्क्रू बोर्डामागे पडला होता आणि त्या चौकटीत दोन हात मावत नव्हते. मावले. त्याच्या बोटांना माझी बोटं लागली, दोघांच्याही बोटांत तोच स्क्रू आला, आणि कुणीच तो सोडेना.

“सोडा,” मी म्हटलं.

“तुम्ही सोडा. दुकान माझं हाय.”

“मशीन माझं आहे.”

पाऊस पडतच होता... बेबीताई मागून म्हणाल्या, “भेटला का रे स्क्रू?” आणि आम्ही दोघांनी एकदमच हात काढला. स्क्रू परत आत पडला.

ठेंगणा पंखा आणि केबल नागपूरहून मागवली. आणि मग सुरू झालं ते रोजचं. मी रोज जायचे. “आली का?” “नाही आली.” चहा व्हायचा. मी त्याला बकरी दाखवली. तो इतका हसला की स्टुलावरून पडता पडता वाचला, मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “कान चुकले. पावसात बकरी कान असे ताठ नाही ठेवत, खाली पाडते.” मी कान पाडले. आणि बकरी एकदम बिचारी दिसायला लागली, अगदी पहिल्यांदाच तिच्यावर माया यावी इतकी. मग मी म्हटलं, “आवाज पण तूच... तुम्हीच द्या.” त्याने शटर अर्धं ओढलं, लाजत लाजत मोबाइलसमोर बसला आणि असं बेंबाटला की रस्त्यावरून जाणारा एक माणूस वाकून आत बघायला लागला.

“बकरी हाय का आत?” त्याने विचारलं.

“गिऱ्हाईक हाय,” पियुष म्हणाला.

घरी येऊन मी तो आवाज किती वेळा ऐकला ते सांगणार नाही. बें... बें. प्रेमात पडायला लोक गाणी ऐकतात, मी हे ऐकत होते.

दसरा जवळ यायला लागला. पंखा आला. केबल येईना. मी रात्री उठून कॅलेंडर बघायचे, दिवसा नखं खायचे. आणि एक दिवस पियुष चहा आणायला बाहेर गेला तेव्हा माझा पेन काउंटरखाली घरंगळला. उचलायला वाकले तर तिथे, जुन्या कीबोर्डच्या मागे, एक अरुंद खोका. नागपूरचं लेबल. वर धूळ बसलेली. धूळ! म्हणजे केबल येऊन कितीतरी दिवस झाले होते.

माझ्या कानशिलात झण् झालं. माझी फिल्म, माझा दसरा, माझं पुणं... आणि हा मनुष्य खोका लपवून मला रोज चहा पाजतो आहे? मी पेन घेऊन उभी राहिले. तो दोन कप घेऊन आत आला. त्याच्या केसांवर पावसाचे थेंब होते. माझ्या कपातली साय त्याने बोटाने काढून टाकली होती, मला साय आवडत नाही म्हणून.

“आली का केबल?” मी विचारलं.

“नाही आली,” तो म्हणाला, आणि कपाकडे बघत राहिला.

बोलायला पाहिजे होतं मी. कडाकडा बोलायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, “बरं. उद्या येते.” आणि उद्या यायचं म्हणून मला इतका आनंद झाला की स्वतःचाच राग आला.

*

दुसऱ्या दिवशी शटर खाली होतं. बेबीताई पायरीवर अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या, पण हात चालत नव्हता. देठ भाजीत जात होते आणि पानं खाली पडत होती.

“गावाले गेला,” त्या म्हणाल्या. “त्याचे बापूजी फवारा माराले निघाले म्हणून फोन आला. औंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली व पोरी. फवारा वर मारला का तोंडावरच येते. शेजारच्या गावचे दोघंतिघं दवाखान्यात हायेत. मी त्याले म्हटलं, तू पंपाले हात नको लावू. पण त्याचे बापूजी त्याच्यासारखेच. आयकते काय कोणाचं?”

त्या वर्षी फवारणीच्या विषबाधेची बातमी रोज पेपरात होती. बाबांच्या वर धरलेल्या पेपरच्या माझ्याकडच्या बाजूवर मी ती वाचायचे आणि विसरायचे. त्या दिवशी विसरता येईना. मी पायरीवर बसले, उठले, दत्त चौकापर्यंत गेले, परत आले. फोन लागत नव्हता. बेबीताई म्हणाल्या, “बस ना माय, गरगर झालं मले तुझ्याकडं पाहून.” मी बसले आणि भाजी निवडायला लागले, आणि मला कळलं की पुणं, फिल्म, बकरी, काही काही डोक्यात नाही. फक्त तो यावा. धड यावा.

ऊन उतरता उतरता त्याची गाडी आली. मागे दोरीने फवारणीचा पंप बांधलेला. आणि त्याचे डोळे लालभडक.

“डोळे बघ तुझे!” मी ओरडले. “फवारा मारलास ना? चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. बस गाडीवर, मी चालवते. अक्कल आहे की नाही तुला?”

“मारला नाही,” तो म्हणाला. “पंपच उचलून आणला. बापूजी मागं धावले, मी गाडी पळवली. वाटेत डोळ्यात पावसाचा मार बसला, बस.” मग तो थांबला. “‘चल’ म्हणाली तू.”

“काय?”

“‘मला पट्टी द्या, स्क्रू द्या’, असं म्हणते ना तू रोज. आज ‘चल’ म्हणाली.”

बेबीताई भाजीची परात उचलून आत गेल्या.

त्याने पंप काउंटरखाली सरकवला आणि वर कुलपाची साखळी घातली. मग तसाच वाकलेला असताना थोडा वेळ वर आलाच नाही. आला तेव्हा हातात तो अरुंद खोका होता.

“केबल,” तो म्हणाला. “आली... आज.”

आम्ही दोघांनी खोक्यावरच्या धुळीकडे पाहिलं. तिच्यात त्याची चार बोटं उमटली होती.

“हो का?” मी म्हटलं. “बरं झालं.”

संध्याकाळी मशीन सुरू झालं. उघड्या चौकटीत पंखा फिरताना दिसला, आतला दिवा लागला, आणि त्याच्या उजेडात पियुषचा चेहरा... आनंदी नव्हता तो. मी कडी धरून मशीन उचललं. एका हातात मावत होतं.

“हलकं झालं,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. मला घरी जावंसं वाटेना.

*

खंडेनवमीला फिल्म पूर्ण झाली. सकाळी शेवटचं चित्र तयार झालं आणि मी मशीन बंद केलं. आता फक्त एकदा बकरीकडे शेवटचं बघायचं, दसऱ्याच्या सकाळी पाठवायचं. मी नाहायला गेले, मग आईला पुरण वाटायला बसले. दुपारी मशीन सुरू करायला बटण दाबलं, तर ‘चट्’ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. मग काहीच नाही.

मी वाकून पाहिलं. बोर्डावर हळद होती. बोर्डावर कुंकू होतं, ओलं, बोटाने व्यवस्थित लावलेलं. मेमरीच्या खाचेत अक्षता होत्या. पंख्यावर झेंडूचं फूल होतं, आणि फुलाने शिंपडलेलं पाणी सगळीकडे होतं.

“कुणी केलं हे?” मी ओरडले. “आई!”

आई पुरणाच्या हातांनी धावत आली. तिने आत पाहिलं, मग मागे पाहिलं. दारात बाबा उभे होते. हातात पेपर नव्हता. पूजेचं तबक होतं.

“आज शस्त्रपूजा,” बाबा म्हणाले. “कचेरीत मी दर वर्षी टाइपरायटरला करायचो. माझ्या हाताने. ज्याच्यावर माणूस पोट भरतो त्याला एक दिवस नमस्कार करावा.” त्यांचा आवाज अडखळला. “टाइपरायटरला वर झाकण होतं गं. याला झाकणच नाही, मी... मला वाटलं, आतच लावायचं असेल.”

या यंत्रावर मी पोट भरणार, असं ते म्हणाले होते. इतके दिवस पेपरआड बसून त्यांनी ठरवलं होतं, आणि सांगता येईना म्हणून हळदीकुंकू लावलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आशीर्वादच तो, पण माझं मशीन मारून बसला होता!

पियुष गावाला होता. फोन केल्यावर तो फक्त म्हणाला, “बटण पुन्हा नको दाबू. येऊन राह्यलो.” आणि आला, गुडघ्यापर्यंत चिखल, सदऱ्याला पऱ्हाटीची पानं चिकटलेली. आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“आमच्या आईनं केलं असतं तं समजलो असतो,” तो म्हणाला. “काका, तुम्ही?”

“झाकण नव्हतं,” बाबा पुन्हा म्हणाले, शाळेतल्या पोरासारखे.

आम्ही सगळं सुटं केलं. तो स्पिरिटने पुसत होता, मी दात घासायच्या नव्या ब्रशने खाचा घासत होते, आणि बाबा आईचा केस वाळवायचा ड्रायर धरून उभे होते, म्हणू तिकडे वारा घालत. खोलीत स्पिरिटचा आणि पुरणाचा वास होता.

“आईनं पण केली आज पूजा,” पियुष हळूच म्हणाला. “पाना, पकड, सोल्डरिंगची बंदूक, साऱ्याले कुंकू लावलं. पंपाले नाही लावलं. म्हणे, याच्या पाया मी पडत नाही, जा.”

मी ब्रश थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून एकेक अक्षत चिमट्याने काढत होता. इतक्या हळुवार, की त्या तांदळाच्या दाण्याचा मला हेवा वाटला.

“चालू नाही झालं तर?” मी विचारलं.

“होईल.”

“आणि झालं तर मी जाईन.”

“जाशील.”

“तू काहीच म्हणणार नाहीस? थांब म्हणून?”

बाबांच्या हातातला ड्रायर एकदम भलतीकडेच वारा घालायला लागला. पियुषने चिमटा खाली ठेवला.

“थांबवायचं असतं,” तो म्हणाला, “तं पहिल्याच दिवशी तो लोखंडी कॅबिनेट गळ्यात मारला असता ना तुझ्या. दोघांनी उचलायचा.”

मी ब्रश उचलला आणि घासलेलीच खाच पुन्हा घासायला लागले.

मेमरीची एक खाच कायमची गेली. दुसरी वाचली. पंखा फिरला, दिवा लागला, आणि बकरी खिडकीच्या सीटवर बसून “बें” म्हणाली. बाबांनी ड्रायर खाली ठेवला आणि विचारलं, “आवाज कुणाचा आहे? छान आहे.” पियुष पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघून गेला.

*

दिवाळी झाल्यावर पुण्याहून बोलावणं आलं. त्यांनी लिहिलं होतं, बकरी आवडली, आणि आवाज कोणत्या कलाकाराचा?

मला उड्या मारायच्या होत्या. मारल्याही. पण प्रत्येक उडी मारून खाली आलं की पियुषचं दुकान आठवायचं.

तोवर कापूस वेचायला आला होता. पियुषकडे निम्म्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. त्यातून निवडून निवडून चांगला, पांढराशुभ्र कापूस बेबीताईंनी आणला आणि जुन्या लुगड्यात भरून त्याची गादी शिवली, माझ्या मशीनच्या चारही बाजूंनी बसेल अशी. “उघडंबंब हाय बिचारं,” त्या म्हणाल्या. “धक्का लागन.”

बसस्टँडवर बाबांनी बॅग वर ठेवली. पियुष मशीन घेऊन बसमध्ये चढला आणि माझ्या शेजारी बसला.

“हे मांडीवर धरावं लागते,” तो बाबांना खिडकीतून म्हणाला. “दारव्ह्यापर्यंतचा रस्ता खराब हाय. दारव्ह्यापर्यंत जातो.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. “दारव्ह्यापर्यंतच ना?” ते म्हणाले. “पुढे गेलात तर घरी कळवा.”

बस निघाली. जिनिंगच्या बाजूने जाताना रुई उडत होती, खिडकीतून आत येऊन त्याच्या केसांवर बसत होती. माझा पाय जोरजोरात हलत होता. इतके दिवस जायची घाई होती, आणि आता दारव्हा येऊ नये म्हणून मी प्रत्येक गतिरोधकाला मनातल्या मनात हात जोडत होते. दारव्हा आलं. लोक उतरायला लागले. तो मशीन माझ्या मांडीवर ठेवायला वळला.

“केबलचा खोका मी आधीच पाहिला होता,” मी घाईघाईने म्हटलं. “धूळ बसली होती त्याच्यावर.”

त्याचे कान लाल झाले. “मालूम होतं तुले? मग बोलली काहून नाही?”

“तू दिली काहून नाहीस?”

“दिली असती तं तू आली असती का रोज?” तो म्हणाला. “मग बापूजीचा पंप आणून लपवला, तवा लाज वाटली. माणसानं एका टायमाले एकच वस्तू लपवावी. दोन झाल्या तं चोर म्हणते लोक.”

मी हसले आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम.

“चला, उतरणारे उतरा!” कंडक्टर ओरडला.

तो उठला. दांडी धरून उभा राहिला. “पुण्यात रुई नाही उडत,” तो म्हणाला. “मशीन साफ कराले म्हणून पण तुले इकडं यावं नाही लागणार.”

“बहाणे तुला लागतात, मला नाही,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच झाला, पण आता परत घेता येत नव्हता. “संक्रांतीला येणार आहे मी. मशीनसाठी नाही. मला तू आवडतोस, म्हणून. कळलं?”

पुढच्या सीटवरची एक म्हातारी पूर्ण वळून बसली आणि पियुषला म्हणाली, “आयकलं ना रे बाबू? आता एक तं उतर, नाही तं तिकीट काढ. पोरीले उभ्याउभ्या नको ताटकळवू.”

पियुषने माझ्याकडे पाहिलं... पहिल्या दिवशी कप उचलताना पाहिलं होतं तसंच, सावकाश. मग खिशात हात घातला.

“कंडक्टर भाऊ,” तो म्हणाला, “एक कारंजा द्या.”

तो बसला. मशीन परत आपल्या मांडीवर घेतलं, आणि कापसाच्या गादीखालून माझा हातही घेतला. बस सुटली. म्हातारी समाधानाने पुढे वळली. बऱ्याच वेळाने त्याने माझ्या पायाकडे पाहिलं.

“पाय काहून थांबला तुझा?”

मी पाहिलं. खरंच थांबला होता.

“कारंजा गेलं की सुरू होईल परत,” मी म्हटलं.

त्याने मान वर केली. “कंडक्टर भाऊ, कारंज्याच्या पुढं कोणतं गाव लागते?”